टाकीतली बुटकी नळी

परवा सकाळी आम्ही वळसंगला निघालो होतो. थंडी सरत आली होती आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना भरल्या कणसांची ज्वारी वाऱ्यावर सळसळत होती. कुंभारीतलं आमचं घर मागं पडून फार वेळ झाला नव्हता, तोच ह्यांनी गाडी कडेला घेतली. मीटरवर बोट ठेवलं. पेट्रोलपंपाचं एक इवलंसं चित्र तिथं नारिंगी होऊन मिचमिचत होतं.

"रिझर्व्ह!" हे म्हणाले. नवीन खेळणं दाखवावं तसे.

गाडी नवी. पोरानं पुण्याहून पैसे धाडून घ्यायला लावलेली. माझा हात मात्र जुनाच. तो न विचारताच डाव्या अंगानं टाकीखाली गेला आणि चाचपून रिकामा परत आला. तिथं नुसतं गुळगुळीत प्लास्टिक होतं. पोरानं फोनवर सांगितलं होतं, "आई, आता कॉक नसतो. दिवा लागला की पंपावर जायचं. टाकी पार कोरडी करायची नाही, पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, तो जळतो." ऐकलं होतं, पटलंही होतं. हाताला ते कळायला वेळ लागतो एवढंच.

आम्ही गाडी वळवली. पंपावर नळी टाकीत गेली, तो ओळखीचा, जरा गोडसर, जरा डोक्यात जाणारा वास आला आणि मी एकदम पोरवयाची झाले.

लग्न होऊन कुंभारीला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांवर पत्रे होते आणि दारात लाल टाकीची मोटारसायकल होती. कुणाची तरी वापरलेली, पण ह्यांनी घासूनपुसून अशी ठेवली होती की टाकीत बघून मी कुंकू लावायची. हे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो उघडून पुन्हा चालता करायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे ते केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर सुताचा पांढरा भुगा घेऊन, आणि अंगाला मागाच्या तेलाचा वास. मोठ्यानं बोलायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माणूस सारखा रागावलेलाच असतो की काय. मग एकदा पाहिलं, तो मांजरीशीसुद्धा तसाच ओरडून लाडानं बोलत होता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही वळसंगला माझ्या माहेरी जायचो. मी एका अंगानं बसायची, पदर कमरेला खोचून, मांडीवर शेंगाचटणीचा डबा. पहिल्यांदाच जाताना वाटेत गाडीला उचकी लागली. एक आचका, दुसरा आचका. मी डबा घट्ट धरला. हे शांतपणे वाकले, डावा हात टाकीखाली नेला आणि काहीतरी फिरवलं. क्षणभर काहीच झालं नाही. गाडी नुसतीच पुढं वाहत राहिली, वाऱ्याच्या आवाजावर. मग पेट्रोल उतरलं, इंजिननं दम घेतला आणि चालू लागली.

"घाबरलीस व्हय?" पुढं लिंबाच्या सावलीत थांबून ह्यांनी मला तो कॉक दाखवला. बोटाएवढा. "टाकीत दोन नळ्या हायत. एक उंच, एक बुटकी. कॉक वर असला की उंच नळीतनं पेट्रोल येतंय. पेट्रोल तिच्या खाली गेलं की ती कोरडी पडती, मग गाडी उचक्या देती. मग कॉक खाली करायचा. बुटकी नळी पार तळातलं वढती. तेवढ्यावर पंप गाठायचा."

"आणि पेट्रोल भरल्यावर?"

"कॉक परत वर करायचा. इसरलं तर मग गाडी सांगत न्हाय, डायरेक बंदच पडती."

मला ते फार आवडलं. सासरी पहिल्यांदाच कुणी मला काहीतरी नीट समजावून सांगत होतं, आणि माझ्या लक्षात राहील असं धरून चाललं होतं.

हळूहळू मला गाडीचा आवाज कळायला लागला. आचका बसायच्या आधी तो बारीक व्हायचा, दळता दळता जात्यातले दाणे संपत यावेत तसा. तसा झाला की मी ह्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारायची आणि ह्यांचा हात मुकाट्यानं खाली जायचा. आचका बसायचाच नाही. गाडी उभी असली की कधी कधी कॉक मीच फिरवायची. "तुझा कान लई तिखट हाय की!" हे म्हणायचे. मला वाटायचं, कौतुक चाललंय.

एकदा वळसंगहून परतत होतो. दिवस कलला होता. करडईला काटे धरले होते आणि मधूनच हरभऱ्याचा आंबूस वास यायचा. एका लांबलचक उतारावर ह्यांनी सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर सगळेच करायचे तसं. उतार निम्मा झाला असेल नसेल, इंजिनचा आवाज बारीक झाला आणि विझला. मी थाप मारायला हात उचलला, पण तसाच राहिला. एवढी शांतता मी त्या रस्त्यावर कधी ऐकली नव्हती. कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घाटी वाजत होती. टिटवी ओरडत गेली. चाकांखालची खडी तेवढी करकरत होती. आणि त्या शांततेत हे मला कारखान्यातली काहीतरी गंमत सांगत होते. इंजिनच्या वर आवाज काढून. ओरडून. बंद पडलेल्या इंजिनच्या वर.

उतार संपला. ह्यांनी गिअर टाकला, मूठ पिळली, गाडीनं ओढ घेतली नाही. हे खाली उतरले. इंजिनवर हात ठेवून पाहिलं. मग माझ्याकडं.

"कवा बंद पडली?"

मी मागं उताराच्या मध्याकडं बोट केलं.

ह्यांनी हात उचलून कानाच्या पाळीला लावला. मग म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं, "मागाच्या खात्यात समद्यांचंच असं हुतंय. हळूहळू जातंय. कुणाला सांगू नको. वळसंगात तर नकोच. म्हणतील, पोरगी भैऱ्याला दिली."

"नाही सांगत," मी म्हणाले. मग लक्षात आलं आणि त्यांच्या तोंडासमोर जाऊन पुन्हा म्हणाले, "नाही सांगत."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला ते वाईट म्हणून आठवतच नाहीत. आम्ही नवी भाषा शिकत होतो. पाठीवर एक बोट म्हणजे डावीकडं वळा. तळहात म्हणजे थांबा, मागून ट्रक आहे. आणि ह्यांना ओठ वाचता यायचे. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथं सगळे ओठांवरच बोलतात. एकदा दिवाळीला सोलापूरच्या नव्या पेठेत साडी घ्यायला गेलो. एवढी गर्दी की दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पार पलीकडच्या टोकाला मालकानं नोकराच्या कानात काहीतरी पुटपुटलं. हे इकडून खणखणीत आवाजात म्हणाले, "गेल्या वर्साचा नको, यंदाचा माल दाखवा!" मालकाचा चेहरा बघून मी पदर तोंडात कोंबला. घरी येईपर्यंत हसत होते. नव्या साडीचा खळीचा वास, रॉकेलच्या स्टोव्हवर तापणारं उटण्याचं तेल आणि ते हसू, असं सगळं एकत्रच आठवतं.

ह्यांची ही विद्या एकाच माणसापुढं चालायची नाही. माझ्या वडिलांपुढं.

अप्पा फार हळू बोलायचे. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या, पण अप्पा दोन्ही भाषा वासराच्या कानात सांगितल्यासारख्या बोलायचे. राखणीला गेले तरी पाखरांवर ओरडायचे नाहीत, डबा वाजवायचे. आणि मिशी अशी दाट की वरचा ओठ तर नाहीच, खालचाही निम्माच दिसायचा. हे त्यांच्यापुढं बसले की नुसते मान हलवायचे. अप्पांना वाटायचं, जावई अबोल आहेत. अबोलपणा अप्पांना आवडायचा, त्यामुळं सगळं निभावून जात होतं.

मी एकुलती. त्या वर्षी अप्पांचा दमा वाढला होता. एका संध्याकाळी ओट्यावर दोघं चहा घेत बसले होते. अव्वा, म्हणजे माझी आई, आणि मी आत भाकरी बांधत होतो. अप्पा गोठ्याकडं तोंड करून काहीतरी म्हणाले. ह्यांनी कप खाली ठेवला, आभाळाकडं बघितलं, "चला, अंधार पडंल," असं म्हणून उठले आणि गाडीला किक मारली. मी बाहेर आले तेव्हा अप्पा तसेच बसले होते. मी निघते म्हणाले तरी त्यांनी मान वळवली नाही.

त्यानंतर वळसंगहून निरोप येईनात. थोड्या दिवसांनी अव्वाच एसटीनं कुंभारीला आली. पिशवीतनं मटकी काढून ठेवली, पाणी प्याली आणि म्हणाली, "अप्पांनी त्या दिवशी जावयांना इचारलं, माझ्या माघारी हिच्या आईला सांभाळाल का. त्येंनी हां न्हाय की हूं न्हाय. गाडी चालू केली. आता अप्पा म्हणत्यात, त्येंना वझं नको असंल तर आपण तरी कशाला जावं पुन्हा दारात?"

मला सगळं कळलं, पण अव्वाला सांगायची सोय नव्हती. वचन दिलेलं होतं. अव्वा गेल्यावर मी ह्यांना समोर बसवलं आणि अप्पांचा प्रश्न सावकाश, एकेक शब्द करून सांगितला.

ह्यांचा चेहरा उतरला. "मला ऐकूच आलं न्हाय."

"मग जाऊन सांगा."

"काय सांगू? भैरा हाय म्हणून?"

कितीतरी सुट्ट्या आल्या आणि गेल्या. लाल गाडी दारात उभी असायची. हे तिला पुसायचे, पुन्हा पुसायचे आणि आत येऊन झोपायचे.

मग येळामावस आली. आमच्याकडं त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव रानात. ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग मडक्यातली गार आंबील, भज्जी, वाफवलेले उंडे. ती भज्जी म्हणजे रानातल्या झाडून सगळ्या भाज्या आणि शेंगा, आंबट ताकात आणि बेसनात रटरटलेल्या. तिचा वास आला की पाहुणेसुद्धा बोलावण्याची वाट बघत नाहीत. सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर हे कपडे करून गाडीवर बसलेले. मी पदर खोचला. मागं बसले.

वळसंगच्या जवळ आलो तेव्हा आवाज बारीक झाला. मी थाप मारली. ह्यांचा हात खाली गेला आणि तिथंच थांबला. कॉक आधीच खाली होता. मागच्या वेळी पेट्रोल भरून वर करायचा राहिला होता. ह्यांनी गाडी आडवी केली, हलवली, कोपऱ्यातला शेवटचा घोट नळीपाशी येतो का पाहिलं. चार धापा टाकून गाडी पुरती गप्प झाली. मग ढकलत निघालो. डांबरी सोडून काळ्या रानातली गाडीवाट लागली. ढेकळं, चाकोऱ्या, आणि दोन्ही बाजूंच्या रानांत कोपीपाशी बसलेली माणसं आमच्याकडं बघत होती.

आमच्या बांधावरून अप्पा आले. मनात काही असलं तरी सणाचा पाहुणा तो पाहुणा. "बर्री," म्हणाले, या म्हणून, आणि मागून गाडीला हात लावला. पुढं हँडल धरून हे, मागं अप्पा, बाजूला मी. थोड्या वेळानं अप्पा ह्यांच्या पाठीकडं बघून म्हणाले, "दमला असाल. थांबू या का?" हे ढकलतच राहिले. अप्पांनी पुन्हा विचारलं. मग गाडीवरचा हात काढून घेतला आणि वाटेतच उभे राहिले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बघितलंस न्हवं? माझ्याशी बोलायचं न्हाय त्येंना."

गाडी जड लागली म्हणून ह्यांनी वळून पाहिलं. अप्पांचा चेहरा दिसला. गाडी त्यांनी माझ्या हातात दिली, मागं आले आणि अप्पांच्या समोर उभे राहिले.

"मामा, मला ऐकू येत न्हाय."

आपला आवाज किती मोठा आहे हे ह्यांना कुठं कळायचं. शेजारच्या दोन रानांत जेवणारे हात थांबले.

"मागानं कान गेलं माझं. लई दिस झालं. त्या दिवशी तुमी काय इचारलं ते मला ऐकूच आलं न्हाय. हिनं सांगितलं तवा कळलं. आता पुन्यांदा इचारा. तुमीच इचारा. जोरात."

अप्पांनी तोंड उघडलं. मिशी हलली. हे मान हलवून म्हणाले, "न्हाय आलं." अप्पांनी घसा खाकरला. इकडंतिकडं पाहिलं. उभ्या जन्मात ज्यानं पाखरांवर आवाज चढवला नव्हता, त्या माणसानं छाती भरून घेतली आणि डोळे मिटून तो ओरडला,

"माझ्या माघारी हिच्या आईला सांभाळाल का?"

ज्वारीतून चिमण्यांचा थवा भर्रकन उडाला. कोपीपाशी अव्वा आंबिलीच्या हातानं उठून उभी राहिली.

"सांभाळतो की!" हे म्हणाले. "त्यात काय इचारायचं?"

"अवो, काय हे!" अव्वा तिकडून म्हणाली. "माझ्या नावानं रानभर बोंब मारायला मी काय मेले व्हय?"

पलीकडच्या रानातून एका म्हाताऱ्यानं हाळी दिली, "आमीबी ऐकलंय बरं का, पाव्हणं! आता माघार न्हाय!" आणि सगळी रानं हसायला लागली. अप्पाही हसत होते, उपरण्यानं डोळे पुसत. मग दोघांनी मिळून गाडी कोपीपर्यंत आणली. त्या दिवशी ह्यांनी किती भज्जी खाल्ली ते मी सांगत नाही.

तेव्हापासून अप्पा ह्यांच्याशी, आणि फक्त ह्यांच्याशीच, ओरडून बोलायचे. कुंभारीला आले की दारातूनच गर्जना करायचे. शेजारच्या बायका दचकायच्या. मला वाटतं, त्यांना ते आवडायला लागलं होतं. ज्वारीचा भाव, पाऊसपाणी, बैलाचा पाय, सगळं ते जावयाला ओरडून सांगायचे आणि मोकळे होऊन जायचे.

पुढं बऱ्याच वर्षांनी अप्पांचा दमा हाताबाहेर गेला. दवाखान्यात तोंडात नळी बसवायला म्हणून त्यांची मिशी काढली. वळसंगला घरी आणलं तेव्हा तो उघडा चेहरा मला परक्या माणसाचा वाटला. आवाज तर पुरताच गेला होता. ओठ हलायचे, पण ऐकू यायची ती नुसती हवा. मी कान लावून ऐकायची. अव्वा पाणी द्यायची, ते मान फिरवायचे. उशी बदलली. पांघरूण काढलं, घातलं. ओठ हलतच होते. तेवढ्यात कामावरून हे आले, पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं. पहिल्यांदाच तो सगळा चेहरा त्यांना वाचता येत होता.

"खिडकी उघडा म्हणत्यात," हे म्हणाले.

मी खिडकी उघडली. बाहेर रात्रीच्या पाण्यानं भिजलेलं काळं रान होतं. त्याचा वास आत आला, आणि अप्पांचे ओठ थांबले. दोन दिवस ते तसेच खिडकीकडं बघत होते. मधूनमधून हे त्यांच्याकडं बघायचे आणि आम्हाला सांगायचे, "बैलाला पाणी दावलं का म्हणत्यात." "पोरीला जेवाय सांगा म्हणत्यात." असं करत अप्पा गेले.

लाल गाडी पुढं भंगारात गेली. कारखान्यातलं कामही सुटलं. ह्यांच्या कानात आता यंत्र असतं, म्हणजे बहुतेक वेळा खिशात असतं. त्यातनं सगळी खरखरच ऐकू येते म्हणतात.

परवा पेट्रोल भरलं, दिवा विझला आणि आम्ही वळसंगला पोचलो. रान आता वाट्यानं दिलेलं आहे. बांधावर थोडा वेळ बसलो, ज्वारीचं एक कणीस मोडून घेतलं आणि उन्हं चढायच्या आत परतलो.

कुंभारीला दार उघडंच होतं. अव्वा खाटेवर उन्हाच्या पट्ट्यात पाय सोडून बसली होती. तिला आता गाडीवर बसवत नाही. हे दारातनंच गरजले, "अव्वा, ज्वारी झकास हाय!"

"मला नीट ऐकू येतंय, जावईबापू," अव्वा त्यांच्याकडं तोंड करून म्हणाली. "गल्लीला कशाला सांगताय? आणा हिकडं."

ह्यांनी कणीस तिच्या ओंजळीत दिलं. तिनं ते दोन्ही तळहातांत चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, एक दाणा जिभेवर ठेवला आणि उरलेल्या दातांनी हळूच दाबून पाहिला. आम्ही दोघंही तिच्या तोंडाकडं बघत उभे होतो.

"काढणीला अजून आठ दिस पायजेत," ती म्हणाली.